ट्रान्सप्लांट करून सोलापूरला परतताना

माझ्या धाकट्या भावाला एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. रक्त बनवणाऱ्या पेशी माझ्या जुळल्या, मीच दिल्या. ट्रान्सप्लांट मुंबईकडे झालं. जुळे सोलापुरात माझं मेडिकल आहे, त्यामुळे औषधांची नावं मला नवी नव्हती. पण डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती, ‘रेक्टल स्वॅब : सीआरई पॉझिटिव्ह’. रेक्टल स्वॅब म्हणजे गुदद्वारातून काडीवर घेतलेला नमुना. तुमच्या फायलीत अशी ओळ असेल, तर पुढचं वाचा.

सीआरई म्हणजे क्लेब्सिएला, ई. कोलाय अशा आतड्यातल्या जंतूंचा चिवट प्रकार. मेरोपेनेमसारखं भारी इंजेक्शनही त्याला लागू पडत नाही. स्वॅब पॉझिटिव्ह याचा अर्थ जंतू आतड्यात मुक्कामाला आलेत एवढाच, इन्फेक्शन झालंय असा नाही. म्हणून ‘हे घालवायला काहीतरी लिहून द्या’ असं डॉक्टरांच्या मागे लागू नका. जास्त अँटिबायोटिक दिलं की बरे जंतू मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. खरा धोका आहे तो पांढऱ्या पेशी कमी असताना. किमोनं आतड्याचं अस्तर सोललेलं असतं, तिथून जंतू रक्तात शिरतो. मग नेहमीचं पहिलं इंजेक्शन फुकट जातं आणि रोगी तासातासानं खालावतो.

त्यामुळे सगळ्यात आधी फाईल लावा. वरच्याच पानावर तो स्वॅब, आतापर्यंतचे सगळे कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) रिपोर्ट, ताजा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सायक्लोस्पोरिनचा (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या औषधाचा) डोस, सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) कुठली आहे ते, आणि ट्रान्सप्लांट युनिटचा रात्रीचा फोन. सगळ्याचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. कल्चर रिपोर्टवर औषधांपुढे ‘एस’ आणि ‘आर’ लिहिलेलं असतं. ‘एस’ म्हणजे चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला पेशंटची सगळी कथा सांगत बसू नका, हा कागद पुढे करा.

डिस्चार्जआधी युनिटकडून एक पत्रही मागून घ्या : ताप आला तर पहिलं इंजेक्शन कुठलं, किती. ते घेऊन सोलापुरातल्या हॉस्पिटलमध्ये ताप नसतानाच जाऊन या. विचारायचं एवढंच : रात्री ब्लड कल्चर घेता का, आयसीयूत बेड मिळेल का, पत्रातलं औषध स्टॉकला आहे का? जंतू एनडीएम जातीचा (मेरोपेनेमसारखी औषधं फोडणारं एन्झाइम बनवणारा) असेल तर बहुतेक वेळा सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम अशी जोडी लागते. महाग असते, आणि माझ्यासारख्या कोपऱ्यावरच्या दुकानात शेल्फवर नसते. त्यासाठी होलसेलरशी आधीच बोलून ठेवावं लागतं. कोलिस्टिन स्वस्त पडतं, पण ते किडनीवर बसतं आणि सायक्लोस्पोरिनचाही किडनीला त्रास होतोच. ‘हे नसेल तर ते द्या’ हा हिशेब दुकानदारानं करायचा नाही, मीसुद्धा नाही.

ताप १००.४ फॅरेनहाइट झाला की निघायचं. आधी क्रोसिन देऊन ‘उतरतोय का बघू’ नाही. गोळीनं आकडा उतरतो, जंतू तसाच राहतो. थर्मामीटर काखेत किंवा तोंडात, गुदद्वारात कधीच नाही. स्टेरॉइड चालू असेल तर ताप येईलच असं नाही. हुडहुडी, जुलाब, बरळणं, लघवी कमी होणं, यांतलं काहीही तापाइतकंच गंभीर धरा. लाईनमध्ये औषध सोडल्यावर थंडी वाजली तर ते मुद्दाम सांगा, कारण जंतू लाईनमध्येच बसलेला असू शकतो.

आपल्याकडे हमखास होतं ते असं. संध्याकाळी ताप येतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “आज रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघू की, सकाळी मुंबईत दाखवू.” अजिबात नाही. हॉस्पिटलच्या दारात पाऊल टाकल्यापासून तासाच्या आत पहिलं इंजेक्शन जायला हवं. सोलापुरातच कल्चरचं रक्त द्या, लाईनमधूनही आणि हातातूनही, लगेच इंजेक्शन घ्या आणि मग मुंबईला फोन लावा. पुढचा प्रवास ते सांगतील तसा.

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, किती आहेत ते घरीही काढता येतं. सीबीसीत एकूण पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर ३६०. पाचशेच्या खाली म्हणजे दार बंद, पाहुणे बाहेर.

आता घर. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे हौद, सिंटेक्स, बॅरल हे आपल्याकडे आलंच. स्युडोमोनास हा दुसरा एक जंतू आणि त्याची भावंडं ओलाव्यातच नांदतात. प्यायचं पाणी उकळून, झाकून, तोटीच्या भांड्यात ठेवा. तांब्या बुडवून पाणी काढणं बंद. लाईनवर प्लास्टिक बांधल्याशिवाय अंघोळ नाही, आणि बॅरलच्या तळाचं पाणी त्यासाठी घेऊ नका. पुसायचं फडकं बादलीत भिजत ठेवू नका, उन्हात वाळवा. एप्रिल-मेच्या उन्हात कूलरशिवाय जीव जातो हे मान्य, पण पेशंटच्या खोलीत कूलर नको. साचलेलं पाणी आणि ओलं गवत खोलीभर उडवणारं ते यंत्र आहे. पंखा लावा, जमलं तर साफ केलेला एसी.

संडास वेगळा देता आला तर उत्तम. नसेल तर झाकण लावून फ्लश करा आणि सीट, कडी, नळ रोज ब्लीचच्या पाण्यानं पुसा. हात साबणानं वीस सेकंद धुवायचे, बांगड्या-अंगठ्या काढून. आमच्या आईला बांगड्या काढ म्हणणं जड गेलं, मग ती कोपरापर्यंत वर सारून धुवायला लागली. ते चालतं. सॅनिटायझर चांगलाच, पण जुलाब असतील तर साबणच हवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. टॉवेलांच्या गावात राहून एकाच टॉवेलला चौघांनी तोंड पुसायची काय गरज! धडधाकट माणसांना या जंतूची एरवी भीती नाही, त्यामुळे भावाला वाळीत टाकू नका. जवळ बसा, हात धुऊन.

शेंगाचटणी ताज्या भाजलेल्या दाण्यांची, थोडीथोडी करा. तोंड आलेलं असताना कडक भाकरी नको, गरम वरणात कुस्करलेली मऊ भाकरी द्या. भेटायला येणाऱ्यांचे हार-फुलं आणि कुंडीतली माती दाराबाहेर. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी या वर्षी पेशंटशिवाय होऊ दे.

शेवटचं माझ्या धंद्यातलं. मेरोपेनेमसकट बरीच अँटिबायोटिक्स २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, चिठ्ठी आणि नोंदीशिवाय ती विकता येत नाहीत. ओळखीचा दुकानदार सर्दीला क्लॅरिथ्रोमायसिन द्यायला तयार असला तरी घेऊ नका, त्यानं सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी चढते. आणि पुढे काही महिन्यांनी दाताला किंवा दुसऱ्या कशाला हॉस्पिटल गाठलं, तरी ती सीआरईची ओळ तिथे दाखवा. स्वॅब पुन्हा निगेटिव्ह आला तरी ती फायलीतून काढायची की नाही, ते युनिटला ठरवू द्या.