टाकीत उतरताना या चुका टाळा

गळीत हंगाम संपला की सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत मळीच्या टाक्या धुवायचं काम निघतं. इकडे शहरात टॉवेल-चादरीच्या डाइंगवाल्यांनाही ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या, टाकीतला गाळ काढायचा असतो. मुकादम झाकण उघडतो, वास घेतो आणि म्हणतो, "काही नाही, उतर."

वास घेऊन ठरवणं हीच पहिली चूक. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं नाही. आंबलेल्या मळीतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तर वासच नसतो. दोन्ही वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतात. विहिरीत सोडतात तसा कंदीलही टाकीत सोडू नका. विषारी वायू त्याला कळत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडेल.

गॅस डिटेक्टर लागतोच. वर, मध्ये आणि तळाला मोजा. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ऑक्सिजन कमी असला तर ज्वलनशील वायूचा आकडा चुकतो. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर असेल तर उतरायचं नाही.

सकाळचं मोजमाप दुपारी धरू नका. गाळात फावडं घातलं की आत अडकलेला वायू सुटतो, म्हणून मीटर कामगाराच्या अंगावर चालूच हवा. तो वाजला तर आधी बाहेर या. ब्लोअर, म्हणजे ताजी हवा आत सोडणारा पंखा, लावूनही आकडा सुधारत नसेल, तर नळी तळापर्यंत पोचलीय का बघा. ब्लोअर जनरेटरचा धूर तर ओढत नाही ना, तेही बघा. शेजारच्या टाकीची लाइन नुसत्या व्हॉल्व्हवर सोडू नका, ब्लाइंड प्लेट, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी पत्र्याची चकती, टाका. हवा सुधारायला ऑक्सिजनचं सिलिंडर कधीही सोडू नका, ठिणगीनं सगळं पेट घेईल. आतला हातदिवा २४ व्होल्टचाच हवा.

आणि सगळ्यात मोठी चूक. आतला पडला की बाहेरचा मागचापुढचा विचार न करता उडी घेतो. माझा भाऊ आहे, माझ्या गावचा आहे, कसं थांबायचं? ती माया मला कळते. पण अमेरिकेच्या निऑश या कामगार-सुरक्षा संस्थेनं १९८६ मध्ये सांगितलं होतं की अशा मृत्यूंत ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले असतात. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क ऑक्सिजन देत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्ये याची तरतूद होती. हवा तपासल्याचा सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला हवा, नाहीतर श्वसनयंत्र आणि कमरपट्ट्याला दोर, दोराचं टोक बाहेरच्याच्या हातात. आता कमरपट्ट्याऐवजी पूर्ण हार्नेस (खांदे-मांड्यांना धरणारे पट्टे) वापरा, वर तिपाई आणि विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) लावा, म्हणजे कुणालाही आत न उतरता माणूस वर ओढता येतो. बाहेरच्यानं आधी अग्निशमनला १०१ वर, मग १०८ ला फोन करायचा. त्याला दुसरं कुठलंही काम सांगू नका, चहा आणायलाही पाठवू नका.