चक्कर गोळीची की ठोक्यांची? नोंद अशी ठेवा

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, हा हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार असलेल्या माणसाला चक्कर आली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो गोळ्या बंद कर, दुसरा म्हणतो होईल सवय. मी या दुखण्यासोबत बरीच वर्षं काढतोय. दोघांचंही ऐकू नका. वही काढा.

१. सगळ्या गोळ्या वेळेसकट लिहा. गुडघेदुखीची गोळी आणि काढेही त्यात आले. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो.

२. नाडी मोजा. घोडं अडतं ते इथेच. पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. ‘१५ सेकंद मोजा, चारने गुणा’ हा सल्ला नियमित ठोक्यांसाठी ठीक आहे. एएफमध्ये एका पाव मिनिटात १८ ठोके लागतात, पुढच्यात २६. म्हणजे गुणाकार एकदा ७२ सांगतो, एकदा १०४. कुठला खरा मानायचा?

शिवाय काही ठोके इतके कमकुवत असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. मलाही सुरुवातीला नाडी साधीच वाटायची आणि छातीत मात्र धडधड. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही असंच फसतं. म्हणून दवाखान्यात गेलात की स्टेथोस्कोपने छातीवरचे ठोके मोजायला सांगा आणि त्याच मिनिटाला मनगटावरचे कुणीतरी मोजा. फरक वहीत लिहा. बीपी एका रीडिंगवर सोडू नका. मिनिटामिनिटाच्या अंतराने तीनदा घ्या, सरासरी लिहा.

आता खरी परीक्षा. बसून बीपी घ्या, उभे राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला आणि गरगरलं, तर डॉक्टरांना गोळ्यांकडे बघायला सांगा. मेटोप्रोलॉल, म्हणजे ठोके मंद करणारी गोळी, घेतल्यावर तास-दोन तासांत चक्कर आणि नाडी ५०च्या खाली, तर डोसबद्दल त्याच दिवशी फोन करा. चक्कर आली तेव्हा नाडी १३० असेल, तर गोळीला शिव्या घालण्यात अर्थ नाही. ती कमी पडत असेल. मात्र गोळी स्वतःहून बंद करायची नाही. मेटोप्रोलॉल एकदम सोडलं तर ठोके उसळतात, रक्त पातळ करणारी सोडली तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो.

३. अमिओडॅरोन (ठोक्यांची लय सांभाळणारं औषध) असेल तर थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी करा, उन्हात अंग झाका, नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर कळवा. हे औषध शरीरात महिनोन् महिने राहतं, त्यामुळे बंद केल्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

४. असेनोकोमॅरॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर पालक, मेथी, अळू वर्ज्य नाहीत. एका आठवड्यात अळूचं फदफदं रोज आणि पुढच्यात एकदाही नाही, हे मात्र चालत नाही, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, हलतो.

५. डाबिगाट्रान या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या कॅप्सूल आठवड्याच्या डबीत भरू नका. ओल लागली की बिघडतात, आणि कोकणातला पावसाळा तर विचारू नका. मूळ पाकिटातच ठेवा, कॅप्सूल फोडून घेऊ नका.

भोवळ येऊन पडलात, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.