मांसासाठी पाळलेल्या डुकरांना काय खायला द्यावे: लहान शेतावरील आहार नियोजन

डुक्कर काहीही खाते हे खरे आहे, परंतु काहीही खाऊन ते वाढत नाही. वराहपालनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश खर्च एकट्या खाद्यावर होतो. त्यामुळे गोव्यात किंवा सिंधुदुर्गात चार-सहा डुकरे पाळणारा शेतकरी स्वस्त खाद्याच्या शोधात असतो, आणि त्यात गैर काही नाही. तथापि, जे स्वस्तात मिळते त्यात कोरडे अन्न किती, प्रथिने किती आणि पाणी किती, याचा हिशेब न करता ते डोणीत ओतले, तर सहा महिन्यांत विक्रीस येणारे जनावर वर्षभर दारात उभे राहते. या लेखातील आकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर या विदेशी जातीच्या किंवा तिच्या संकरित डुकरांसाठी आहेत. राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली गोव्याची अगोंदा गोवन ही काळी स्थानिक जात आकाराने लहान असून सावकाश वाढते, म्हणून तिला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

गाय-म्हशीचे कोठीपोट चारा आंबवून पचवते. डुकराला माणसाप्रमाणे एकच पोट असते, त्यामुळे भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत त्याच्या उपयोगी पडत नाही. मिश्रणातील तंतूंचे प्रमाण साधारण सहा ते आठ टक्क्यांच्या आत राहावे लागते. दुसरे असे की, मका, ज्वारी, तांदळाची कणी ही धान्ये ऊर्जा पुरवतात, पण मांस वाढण्यासाठी लागणारे लायसिन हे अमिनो आम्ल त्यांत फारच कमी असते. ती उणीव सोयाबीनची पेंड आणि मासळीची कुटी भरून काढतात. शेंगदाणा पेंडीत प्रथिने भरपूर असली तरी लायसिन कमी असते, म्हणून केवळ तिच्या भरवशावर राहू नये.

वजनानुसार बदलणारे मिश्रण

साधारण आठ आठवड्यांचे, दूध तुटलेले, १० ते १२ किलो वजनाचे पिल्लू विकत आणले जाते. ते आधी जे खात होते तेच खाद्य विक्रेत्याकडून थोडे मागून घ्यावे आणि सात दिवसांत हळूहळू नव्या मिश्रणावर आणावे, कारण अचानक केलेला बदल या वयात हमखास हगवण लावतो. याच सुमारास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे, अन्यथा महागडे खाद्य जंतांच्या पोटात जाते.

वजन २० किलो होईपर्यंत प्रथिनांचे प्रमाण २० ते २२ टक्के हवे. त्यासाठी १०० किलो मिश्रणात मक्याचा भरडा ५५ किलो, गव्हाचा कोंडा १० किलो, सोयाबीन पेंड २६ किलो, मासळीची कुटी ६ किलो, क्षार मिश्रण अडीच किलो आणि मीठ अर्धा किलो घ्यावे. २० ते ५० किलो वजनाच्या टप्प्यात १६ ते १८ टक्के प्रथिने पुरतात, म्हणून मका ५५ किलोच ठेवून कोंडा २० किलोपर्यंत वाढवावा, सोयाबीन पेंड १८ आणि कुटी ४ किलोवर आणावी. ५० किलोनंतर मका ५५, कोंडा ३० आणि पेंड १२ किलो असे साधे मिश्रण चालते. त्यात सुमारे साडेचौदा टक्के प्रथिने येतात आणि मासळीची गरज राहत नाही. क्षार मिश्रण व मीठ तिन्ही टप्प्यांत तेवढेच ठेवावे. पहिल्या मिश्रणावरच शेवटपर्यंत डुकरे पोसणारे काही जण आढळतात. ती उधळपट्टी आहे, कारण शरीराला नको असलेल्या प्रथिनांतील नत्र मूत्रावाटे बाहेर पडते आणि गोठ्यात अमोनियाचा उग्र वास तेवढा वाढतो.

भरडा फार बारीक दळू नये, पण अखंड दाणेही ठेवू नयेत. विष्ठेत मक्याचे दाणे दिसू लागले की भरडा जाड राहिला असे समजावे. भाताचा कोंडा कोकणात सहज मिळतो, मात्र लहान गिरणीच्या कोंड्यात अनेकदा तूस मिसळलेले असते. मूठभर कोंडा घट्ट दाबून पाहावा. चांगला कोंडा तेलकट लागतो आणि गोळा धरतो. तुसाचा कोंडा हाताला टोचतो आणि मूठ उघडताच सुटा होतो. चांगल्या कोंड्यातले तेलही उन्हाळ्यात लवकर खवट होते, त्यामुळे दोन आठवड्यांपुरताच साठा करावा.

क्षार मिश्रणात जस्त असणे फार महत्त्वाचे आहे. कोंड्यातील फायटेट या घटकामुळे जस्त शरीरात नीट शोषले जात नाही, आणि जास्तीचा चुना घातल्यास ही अडचण आणखी वाढते. पोटाखालची व पायांची कातडी जाड, खवलेदार होऊन तिला भेगा पडू लागल्या की बहुतेक जण खरूज समजून औषध लावतात, पण अनेकदा ही जस्ताची कमतरता असते. डुकरांसाठीचे क्षार मिश्रण मिळत असताना त्यात पदरचा चुना घालू नये.

किती द्यावे

२० किलोच्या पिल्लाला दिवसाला सुमारे १ किलो, ३५ किलोला दीड किलो, ५० किलोला २ किलो, ७० किलोला अडीच किलो आणि ९० किलोच्या आसपास पोहोचलेल्या जनावराला २.८ ते ३ किलो कोरडे मिश्रण लागते. हे दोन वेळांत विभागून द्यावे आणि साधारण वीस-पंचवीस मिनिटांत डोणी स्वच्छ होते का ते पाहावे. उरत असेल तर पुढच्या वेळी कमी करावे. १२ किलोपासून ९० किलोपर्यंत जाण्यासाठी एका डुकराला एकूण अडीचशे किलोच्या आसपास खाद्य लागते. त्यापैकी पहिल्या मिश्रणाचे जेमतेम २० किलो, दुसऱ्याचे ८५ ते ९० आणि तिसऱ्याचे दीडशे किलोच्या आसपास लागते. पिल्ले विकत घेण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून मक्याच्या आणि पेंडीच्या चालू भावाने गुणून पाहावा.

वजनकाटा नसल्यास टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि कानांच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने आणि पुन्हा ६९.३ ने गुणावे. घेर ०.९० मीटर आणि लांबी ०.९५ मीटर असल्यास वजन सुमारे ५३ किलो येते. जनावर डोणीत तोंड घालून खात असताना, मान सरळ असेल तेव्हा हे माप घेणे सोपे जाते. दर पंधरवड्याला एकाच वारी मोजावे, म्हणजे कोणत्या डुकराला ढकलून लावले जाते आहे तेही कळते. डोणीजवळ प्रत्येक मोठ्या डुकराला किमान ३० सेंटिमीटर जागा मिळाली नाही, तर दुबळे जनावर मागेच राहते आणि सगळ्या कळपाची सरासरी बिघडते.

पाण्याबाबत काटकसर मुळीच करू नये. दर किलो कोरड्या खाद्यामागे अडीच ते तीन लिटर पाणी लागते. मोठ्या डुकराला उन्हाळ्यात दिवसाला दहा लिटरही लागू शकते. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारचे खाणे ते टाळते. त्या दिवसांत पहाटे आणि दिवेलागणीला खाद्य द्यावे व दुपारी अंगावर पाणी शिंपडावे.

स्वस्त खाद्यांचा हिशेब

हॉटेलचे उष्टे-खरकटे आणि बिअर कारखान्यातील जवाचा चोथा, या दोन्हींत साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असते. ५० किलोच्या डुकराला दिवसाला सुमारे १.८ किलो कोरडे अन्न हवे. ते केवळ खरकट्यातून पुरवायचे तर आठ-नऊ किलो खरकटे त्याच्या पोटात मावायला हवे, आणि रोज तेवढे मावत नाही. पोट फुगलेले दिसते, पण वजन हलत नाही. म्हणून अशा पदार्थांनी निम्म्यापेक्षा जास्त आहार भरू नये. सुमारे चार किलो खरकट्यातून ०.९ किलो कोरडे अन्न मिळते आणि उरलेले १ किलो सुके मिश्रण द्यावे लागते. आता येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. आपल्याकडच्या खरकट्यात भात, चपाती आणि पाव यांचाच भरणा असतो, म्हणजे पिष्ट भरपूर आणि प्रथिने जेमतेम दहा-अकरा टक्के. त्याच्या जोडीला मधल्या टप्प्यातील मिश्रण दिले तर एकूण प्रथिने कमी पडतात. त्याऐवजी पिल्लांसाठीचे, २१ टक्के प्रथिनांचे मिश्रण किलोभर द्यावे, म्हणजे दोन्ही मिळून १६ टक्क्यांच्या जवळ येतात. जवाच्या चोथ्याचे गणित याच्या उलट आहे: त्यातील कोरड्या भागात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात, पण ऊर्जा कमी आणि तंतू जास्त, म्हणून त्याच्या जोडीला मका किंवा कणी वाढवावी आणि ५० किलोपेक्षा लहान जनावराला तो फारसा देऊ नये. ओला चोथा गरमीत दोन-तीन दिवसांत आंबट आणि बुरसट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

काजूच्या हंगामात रस काढून उरलेला बोंडांचा चोथा बागांतून ढिगाने पडून असतो. तो कडक उन्हात वाळवून, कुटून तिसऱ्या टप्प्यातील मिश्रणात दहा टक्क्यांपर्यंत कोंड्याच्या जागी वापरता येतो. आंबून फसफसलेला ओला चोथा मात्र देऊ नये. लसूणघास, रताळ्याचे वेल, अझोला ही हिरवळ दिवसाला एक ते दोन किलो द्यावी. जीवनसत्त्वांसाठी ती चांगली आहे, पण खुराकाची जागा घेऊ शकत नाही. अळूची पाने व कंद उकडल्याशिवाय देऊ नयेत, कसावाचे कंद सोलून उकडून द्यावेत आणि हिरवे पडलेले किंवा कोंब फुटलेले बटाटे टाकून द्यावेत. जुन्या गोव्याजवळ एला येथे असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत वराहपालनावर काम चालते. स्थानिक खाद्यांबद्दल तेथे आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जरूर विचारावे.

जे टाळलेच पाहिजे

कच्चे सोयाबीन प्रथिनांचे पचन रोखते, म्हणून दाणे घालायचेच असतील तर नीट भाजून किंवा उकडून घालावेत. सरकी पेंडीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य डुकरांना बाधते. दुभत्या जनावरांसाठी आणलेली ही पेंड डुकरांच्या खाद्यात मिसळू नये. पावसाळ्यात मका आणि शेंगदाणा पेंड यांवर बुरशी धरते आणि तिच्या विषाचा परिणाम डुकरांवर फार तीव्र होतो: भूक मंदावते, यकृत बिघडते, आणि काही बुरशींमुळे लहान माद्यांचे योनिमुख माजावर आल्याप्रमाणे सुजते. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. कुबट वास येणारे खाद्य चांगल्या खाद्यात मिसळून संपवण्याचा मोह टाळावा.

मिठाची विषबाधा किनारपट्टीवर विशेष संभवते, कारण खारवलेल्या सुक्या मासळीचा चुरा कुटी म्हणून विकला जातो आणि खरकट्यात लोणचे-पापड असतातच. मीठ जास्त आणि पाणी कमी, असे एक-दोन दिवस झाले की डुक्कर भिंतीवर आदळते, गोल फिरते, त्याला झटके येतात. अशा वेळी एकदम भरपूर पाणी पाजल्यास मेंदूची सूज वाढते. थोड्या-थोड्या वेळाने थोडे-थोडे पाणी द्यावे आणि पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे. कुटी घेताना ती जिभेला लावून पाहावी. खारट लागली तर घेऊ नये.

खरकटे न उकळता देणे हा सर्वांत मोठा धोका आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग भारतात प्रथम २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला आणि जुलै २०२२ मध्ये केरळमधील वायनाडपर्यंत पोहोचला. तो माणसाला होत नाही, परंतु त्यावर उपचार नाही आणि डुकराच्या मांसाच्या तुकड्यातून तो एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताची जी प्रचंड साथ आली, तिचा उगमही न उकळलेले खरकटे खाणाऱ्या एका वराहगृहापर्यंत जाऊन पोहोचला, आणि त्याच वर्षी तेथे असे खाद्य देण्यावर बंदी आली. म्हणून मांसाचे, विशेषतः डुकराच्या मांसाचे अवशेष असलेले खरकटे घेऊच नये. बाकीचे खरकटे मोठ्या भांड्यात ढवळत ढवळत तासभर खळखळ उकळावे. वरून वाफ दिसली तरी मधला गोळा थंड असू शकतो. प्लास्टिक, टूथपिक आणि हाडे आधीच निवडून काढावीत. कच्चे खरकटे आणणारी बादली आणि उकळलेले वाढणारी बादली वेगळी असावी. परिसरात रोगाची बातमी आली की खरकटे पूर्णपणे बंद करावे.

डुकरे मोकळी सोडून गावभर चरू देण्याची पद्धतही सोडावी, कारण मानवी विष्ठेतून फितकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात, मांसात त्याच्या पुटिका (अळ्यांच्या लहान पिशव्या) होतात आणि माणसाकडून माणसाकडे पसरणाऱ्या याच अंड्यांतील अळ्या मेंदूत शिरल्या की फिट्स येतात. बंदिस्त गोठा आणि घरोघरी वापरले जाणारे शौचालय या दोन्हींशिवाय हे चक्र तुटत नाही.

शेवटचा महिना

डुकराची चरबी ते जे तेल खाते त्याप्रमाणे घडते. भाताचा तेलकट कोंडा, शेंगदाणा पेंड किंवा हॉटेलचे तळणीचे तेल शेवटपर्यंत दिल्यास चरबी मऊ, पिवळसर आणि लोळागोळा होते. ‘चोरीस’ हे गोव्याचे सॉसेज करणाऱ्याला घट्ट, पांढरी चरबी लागते. मऊ चरबीचे तुकडे नीट कापता येत नाहीत आणि सॉसेज वाळताना तेल सुटते. म्हणून अखेरच्या चार आठवड्यांत तेलकट कोंड्याच्या जागी गव्हाचा कोंडा घालावा आणि कणी किंवा ज्वारी वाढवावी. मासळीची कुटी व मासळीचे खरकटे या काळात पूर्ण बंद ठेवावे, नाहीतर शिजवताना मांसाला मासळीचा वास येतो. प्रतिजैविक दिले असल्यास पशुवैद्यकाने सांगितलेला काळ पूर्ण झाल्याशिवाय जनावर विकू नये. कापण्यापूर्वी बारा तास खाद्य बंद करावे, म्हणजे आतडी रिकामी राहून मांस दूषित होत नाही. पाणी मात्र शेवटपर्यंत समोर ठेवावे.