रक्ताच्या डागांचा तपास: या चुका टाळा

लालसर डाग दिसला की पंचनाम्यात ‘रक्ताचे डाग’ लिहून मोकळं व्हायची सवय आधी सोडा. ‘रक्तासारखे दिसणारे डाग’ एवढंच लिहा. कॅसल-मायर चाचणीत (रक्ताची प्राथमिक रंग-चाचणी) स्वॅब, म्हणजे डाग टिपलेला कापूस, गुलाबी झाला तरीही. हा रंग हिमोग्लोबिनमधल्या हीम या लोहयुक्त भागामुळे येतो खरा, पण गंज, तांब्याचे क्षार आणि भाज्यांमधलं पेरॉक्सिडेज हे विकरही फसवू शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब पडण्याआधीच स्वॅब गुलाबी झाला, तर ती चाचणी बाद धरा. रक्त माणसाचं की जनावराचं, हे त्यातली प्रथिनं किंवा डीएनए तपासल्यावरच कळतं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक मात्र साधी आहे: ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरणं. आत ओल कोंडते, जिवाणू आणि बुरशी वाढते, डीएनए तुटत जातो. असा पुरावा पुन्हा मिळत नाही. कपडा स्वच्छ कागदावर, सावलीत, नुसत्या हवेवर वाळू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर नको. घडी घालताना डागावर कागद ठेवा आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात सील करा.

डीएनए तांबड्या पेशींतून मिळतो, हा समज विद्यार्थ्यांत अजूनही आढळतो. पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. तपासाला लागणारा डीएनए येतो पांढऱ्या पेशींतून, आणि त्या बोन मॅरोत तयार होतात. म्हणूनच बोन मॅरो प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए सापडतो. नमुना घेताना हे विचारायलाच हवं. डीएनएसाठी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) कुपी घ्या; हेपरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्यात, अडथळा आणतं. दारूच्या तपासणीसाठी सोडियम फ्लोराइडची कुपी, आणि सुई टोचण्याआधी त्वचेला स्पिरिट लावू नका.

आता रक्तगट. गट जुळला म्हणून आरोपी सापडला असं होत नाही. त्या गटाची माणसं गावभर असतात. गट जुळला नाही तर संशयिताला वगळता येतं, पण तिथेही घाई नको. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ दिसतो, कारण ए आणि बी प्रतिजनं (तांबड्या पेशींवरच्या गट ठरवणाऱ्या खुणा) दिसत नाहीत. त्यात एच प्रतिजनही नसतं, त्यामुळे ए किंवा बीचा जनुक असला तरी तो लपून राहतो. अशा ‘ओ’ दिसणाऱ्या बापाचं मूल ‘एबी’ गटाचं असू शकतं, आणि केवळ गटावरून पितृत्व नाकारलं तर एका कुटुंबावर घोर अन्याय होतो. शंका आली की अँटी-एच (एच प्रतिजन ओळखणारं द्रव्य) लावून बघा, आणि पितृत्वाच्या वादात डीएनए चाचणीआधी कोणताही शेरा मारू नका.