दोरा, पृथ्वीगोल आणि लेकीचं विमान
लेक लंडनला गेल्यापासून विमानाचा हिशोब मी सांगलीत घरीच करते. सपाट नकाशावर पट्टी लावू नका, फसाल. 30 सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. साधारण 17 सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, गोलाचा 94 सेंटिमीटर. म्हणजे सेंटिमीटरला सव्वाचारशे. झाले 7,200 किलोमीटर. ताशी 850 ने भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा: नऊ तास. जाताना वारा समोरून, शिवाय वळसे, म्हणून तासभर जास्तच धरा. येताना तोच वारा पाठीशी.

घड्याळाचा फरक मात्र हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तो विसरून मी एकदा तिला पहाटे तीनला उठवलं! सांगली-मुंबई एसटीचा वेळ वेगळा मोजा.