‘याला वाचताच येत नाही’ असं मूल घरी असेल तर

नाशिकमधल्या सातपूरला आमच्या ओट्यावर संध्याकाळी सहा-सात मुलं वाचायला येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, ती सवय काही सुटली नाही. पालक सोडायला येतात आणि पोराच्या देखतच म्हणतात, “बाई, याला वाचताच येत नाही हो.” त्यामुळे पहिला धडा पालकांना: हे वाक्य त्याच्या कानावर पुन्हा पडता कामा नये.

पण “तू हुशार आहेस, येईल तुला” हेही फारसं कामाचं नाही. काल अडखळलो हे त्याला पक्कं आठवत असतं, मग तुमचं कौतुक त्याला खोटं वाटतं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं होतं, की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्याला जमताना पाहिलेलं, कुणी दिलेला धीर, आणि त्या वेळी छातीत होणारी धडधड किंवा नसलेली धडधड. यात पहिली वाट सगळ्यात भक्कम. थोडक्यात, पोराला शाबासकीआधी पुरावा हवा.

चौथीतला एक मुलगा जोडाक्षर दिसलं की पुस्तक मिटायचा. त्याला घेऊन त्र्यंबक रोडला जाऊन उभी राहिले. एसटी आली. “कुठली रे?” “त्र्यंबकेश्वर!” “कशावरून?” “पाटी वाचली ना.” घरी येऊन तोच शब्द पाटीवर मोठा लिहिला आणि फोडला. त्, र् आणि य, तीन अक्षरांचा जोड! पुढे श्व आहेच. पोरगा बघतच राहिला. आता खरं सांगते, तो शब्द तो वाचत नव्हता, चेहरा ओळखावा तसा ओळखत होता. म्हणून तिथे थांबले नाही. त्यातलेच तुकडे घेऊन मित्र, चित्र, विश्व, ईश्वर लिहिले. हे मात्र त्याने अक्षर लावून वाचले. तुमच्या रस्त्यावर असा शब्द सापडेलच, दुकानाची पाटी, बिस्किटाचा पुडा, काहीही.

उतारा निवडताना इयत्ता बघू नका. चौथीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक दिलं तर काही बिघडत नाही, फक्त वरचं कव्हर झाका. पोरांना अब्रू असते. साठ-सत्तर शब्दांचा एकच उतारा आठवडाभर रोज वाचून घ्या. किती ठिकाणी अडलं त्याच्या रेघा त्यानेच वहीत मारायच्या. सोमवारच्या अकरा रेघा शनिवारी तीनवर आल्या, की मला काही बोलावं लागत नाही. पाठ झालंय अशी शंका आली तर मधलंच वाक्य वाचायला सांगा.

अडला की लगेच शब्द पुरवू नका. मनात पाच आकडे मोजा. ही पाच सेकंदं मोठ्यांनाच जड जातात, विशेषतः वडिलांना. तरी नाही जमलं तर शब्द सांगा आणि वाक्य पहिल्यापासून वाचू द्या.

उलटी जातही असते. एक मुलगी फडाफडा वाचते, निम्मं चित्र बघून. ‘सूर्य’ लिहिलंय, ती ‘सूरज’ म्हणून पुढे. तिला धीर भरपूर आहे, अक्षराकडे लक्ष नाही. तिला चित्राविना उतारा देते आणि बोट ठेवायला लावते. नुसत्या विश्वासावर वाचन येत नाही, हे तिच्याकडे बघून कळतं.

वर्गातल्या पहिल्या नंबराचं उदाहरण देऊ नका, त्याचं वाचन ऐकून अडखळणारा आणखी गप्प होतो. सहा महिन्यांपूर्वी असाच अडखळणारा पोरगा शेजारी बसवा. आणि घरात धाकटं भावंड असेल तर त्याला गोष्ट वाचून दाखवायचं काम याच्याकडे द्या. धाकटं चुका काढत नाही.

उशीर मात्र करू नका. वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली दाखवून दिलं, की ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, म्हणून त्याला आणखी येतं. ज्याला येत नाही तो टाळतो आणि मागे पडतो. पाचवीनंतर इतिहास-विज्ञानही वाचूनच शिकायचं असतं, तेव्हा ही दरी भराभर वाढते.

त्या चौथीतल्या मुलाची आई रोज फाटकाशी विचारायची, “आज किती चुकला?” तिला सांगितलं, त्याऐवजी गोष्टीत काय झालं ते विचारा. हल्ली तो फाटकापासूनच सांगायला लागतो आणि ती बिचारी गाडीची किल्ली हातात धरून उभी असते.