सिरियल पोर्टचा इंटरप्ट: चालू करताना आणि मध्येच गप्प झाल्यावर

इथे पीसीचा खरा सिरियल पोर्ट गृहीत धरला आहे: १६५५०ए जातीची चिप, कॉम-१, पत्ता हेक्स ३एफ८, आयआरक्यू ४ (इंटरप्ट, म्हणजे ‘काम आलं’ अशी प्रोसेसरला दिलेली हाक, नेणारी ४ क्रमांकाची लाइन). यूएसबी-सिरियल केबलवर यातलं काहीही चालणार नाही, तिथे हे पोर्ट-पत्तेच नसतात. बिट शून्यापासून मोजले आहेत.

वेग ठरवा. डिव्हायझर (वेग ठरवणारा भाजक) १२ म्हणजे ९६०० बॉड, १ म्हणजे १,१५,२००. मग लाइन कंट्रोलमध्ये (३एफबी) ३ लिहा. हे राहिलं तर डिव्हायझर लिहिताना चालू केलेला ३एफबी चा बिट ७ चालूच राहतो आणि ३एफ९ ला लिहिलेला इंटरप्ट एनेबल भलतीकडेच, डिव्हायझरच्या वरच्या बाइटमध्ये जातो.

फिफोसाठी (चिपमधली सोळा बाइटांची रांग) ३एफए ला हेक्स ८७ लिहा, म्हणजे आठ बाइट जमले की इंटरप्ट. सरसकट १४ ची पातळी सुचवतात, ती घेऊ नका. १,१५,२०० वर एक बाइट सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येतो आणि १४ नंतर फिफोत दोनच जागा उरतात.

मोडेम कंट्रोलमध्ये (३एफसी) हेक्स ०बी. यातला बिट ३, म्हणजे आउट-टू, विसरलात तर चिप आतल्या आत इंटरप्ट मागत राहते, पण पीसीवर तो बाहेर पडत नाही. काही एम्युलेटर हा बिट बघतही नाहीत, म्हणून तिथे चाललेला कोड खऱ्या मशीनवर मुका होतो. लूपबॅकमध्येही (चिप स्वतःचंच पाठवलेलं स्वतःकडे घेते ती चाचणी-अवस्था) आउट-टू बंद पडतो, तेव्हा इंटरप्टची चाचणी त्यात करू नका.

हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा तुमचा कोड) बसवा, ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलर चिपच्या पोर्ट हेक्स २१ वर बिट ४ शून्य करा, आणि ३एफ९ मधले इंटरप्ट सगळ्यात शेवटी चालू करा.

आता हँडलर. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ३एफए वाचा. वाचताना तिथे इंटरप्टचं कारण मिळतं. त्यातला बिट ० उलटा आहे: शून्य म्हणजे काम बाकी, एक म्हणजे काही नाही. फिफो चालू असताना वरचे दोन बिटही १ येतात, म्हणून खालचे चारच बिट ठेवून कारण पाहा. ६ आलं तर लाइन स्टेटस (३एफडी) वाचा. ४ किंवा हेक्स सी आलं तर लाइन स्टेटसचा बिट ० शून्य होईपर्यंत बाइट काढत राहा. सी म्हणजे आठ जमले नाहीत, पण चार अक्षरांच्या वेळात हालचालही झाली नाही. २ म्हणजे पाठवायची जागा रिकामी: सोळापर्यंत बाइट भरा, पाठवायला काही नसेल तर ३एफ९ चा बिट १ बंद करा. ० म्हणजे मोडेम स्टेटस (३एफई) वाचा.

एक कारण निपटलं की परत फिरू नका. कुठलंही कारण बाकी असेतो चिप आपली लाइन वर धरून ठेवते, आणि ८२५९ इथे फक्त लाइन वर चढतानाचा क्षण बघतो. तुम्ही बाइट काढत असताना पाठवायची जागा रिकामी झाली, तर लाइन खाली येतच नाही. खाली न आलेली लाइन पुन्हा वर चढणार कशी? पोर्ट कायमचा गप्प. म्हणून बिट ० एक होईपर्यंत ३एफए पुन्हा पुन्हा वाचा, आणि मगच ८२५९ च्या पोर्ट हेक्स २० ला हेक्स २० (काम संपल्याचा निरोप) लिहा. ‘बॉड रेट कमी करा’ या सल्ल्याने हा घोळ फक्त क्वचित होतो, जात नाही.

आणखी एक: कारण २ असताना ३एफए नुसता वाचला तरी तो इंटरप्ट पुसला जातो. त्यामुळे डीबगसाठी मध्येच घातलेलं एक वाचनही पाठवणं बंद पाडू शकतं.

तरीही अडकलं, तर पोर्ट हेक्स २० ला हेक्स ०बी लिहून तोच पोर्ट वाचा; ८२५९ कोणता इंटरप्ट अजून चालू धरतो ते दिसतं. हँडलर चालू नसताना बिट ४ एक दिसला, तर शेवटचा हेक्स २० पोचलेला नाही. तो शून्य असेल तर ३एफए बघा: बिट ० शून्य असूनही हँडलर येत नसेल, तर आधी आउट-टू, मग पोर्ट हेक्स २१, मग ३एफए पुन्हा पुन्हा वाचणारा तुमचा लूप तपासा.